मधलं ८६ साल

३० एप्रिल, एडमंटन, कॅनडा

आज पुन्हा तो व्हिडिओ लावला. दरवर्षी या तारखेला लावतेच. यंदा शेजारी आई होती. नाशिकहून येऊन तिला तीन आठवडे झाले, पण रात्री साडेआठलाही बाहेर उजेड असतो याचं नवल अजून संपलेलं नाही. आइस हॉकी तर तिने कधी बघितलीच नव्हती.

मग पहिल्यापासून सांगत बसले. ऑयलर्स हा इथला हॉकीचा संघ, म्हणजे या गावाचा जीव. १९७९ साली एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या हॉकी लीगमध्ये आले. १९८३ ला अंतिम फेरी गाठली आणि न्यूयॉर्क आयलंडर्सनी चारही सामन्यांत हरवलं. परत जाताना ऑयलर्सचे वेन ग्रेट्झकी आणि केव्हिन लो आयलंडर्सच्या खोलीवरून गेले. त्यांना वाटलं, आत जल्लोष चालला असेल. आत मात्र जिंकलेले खेळाडू गुडघ्या-खांद्यांना बर्फ लावून गप्प बसलेले. कप जिंकायला काय मोजावं लागतं ते तिथे कळलं, असं ग्रेट्झकी पुढे सांगत आला. पुढच्याच वर्षी त्याच आयलंडर्सना हरवून यांनी पहिला स्टॅनली कप, म्हणजे लीगच्या विजेत्याचा कप आणला. मग ८५, ८७, ८८, ९०. सात मोसमांत पाच कप!

आई म्हणाली, "मधलं ८६ कुठं गेलं?"

तेच तर दाखवायचं होतं.

३० एप्रिल १९८६. समोर कॅल्गरी, याच प्रांतातल्या शहराचा संघ, म्हणजे अगदी घरचं वैर. मालिकेचा सातवा सामना, आपल्याच कोलिसियममध्ये, तिसरा म्हणजे शेवटचा टप्पा, २-२ बरोबरी. स्टीव्ह स्मिथ हा नवखा बचावपटू आपल्याच जाळ्याच्या मागे पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, घेऊन उभा. त्या दिवशी त्याला तेविसावं लागलेलं. त्याने पलीकडे पास दिला. पक गोलरक्षक ग्रँट फ्युअरच्या पायाला मागून लागला आणि सरळ आपल्याच जाळ्यात. गोल कॅल्गरीच्या पेरी बेरेझनच्या नावावर लागला. तो तेव्हा बाकावर जाऊन बसला होता, आणि जन्माने एडमंटनचाच!

स्मिथ बर्फावर पालथा पडला.

मी व्हिडिओ तिथेच थांबवते नेहमी. पुढे चौदा मिनिटांहून जास्त खेळ बाकी होता. ग्रेट्झकी, मेसिए, कुरी, संघातले सगळे बडे खेळाडू होते, कुणालाच गोल करता आला नाही. म्हणून हार एकट्या स्मिथची, हे मला कधीच पटलेलं नाही. तरी त्या रात्री पत्रकारांसमोर उत्तरं द्यायला तोच उभा राहिला.

आई बराच वेळ पडद्याकडे बघत होती. "रडतंय गं पोर," म्हणाली. "ओरडलं का कुणी त्याला?"

मी नुसतं म्हटलं, "थांब."

दुसरा व्हिडिओ लावला. ३१ मे १९८७. फिलाडेल्फियाविरुद्ध पुन्हा सातवा सामना, पुन्हा कोलिसियम. ऑयलर्स ३-१ ने जिंकले. कप आधी कर्णधाराच्या हातात येतो. मग तो ज्याला देईल त्याच्याकडे, आणि कुणाला द्यायचा हे तोच ठरवतो. कर्णधार ग्रेट्झकीभोवती हा गराडा. मेसिए जन्माने याच गावचा, कुरी, फ्युअर, लो, कुणालाही दिला असता तर ते शोभलंच असतं. पण त्याने कप एका उंच पोराकडे दिला. त्याने तो दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला.

ऑगस्ट ८८ मध्ये ग्रेट्झकीला लॉस एंजेलिसला विकलं, तेव्हा हे गाव रडलं. ९० चा कप त्याच्याशिवाय आला. तेही आईला सांगायचं होतं. पण ती चष्मा पुसून पडद्याजवळ सरकली होती.

"हा तोच ना गं, मघाचा?"

"हो, आई. तोच."

"परत लाव बघू."