वेलवेटची पिशवी

जुलैतल्या रविवारी दुपारी चर्चमधल्या दानाच्या नोटा मोजण्याआधी वाळवाव्या लागतात. वसईच्या किनाऱ्यावर दुसरा इलाज नाही. सॅक्रिस्टीतल्या, म्हणजे वेदीलगतच्या तयारीच्या खोलीतल्या, टेबलावर जुनं वर्तमानपत्र, त्यावर सुट्या केलेल्या नोटा, आणि पंखा एकवर. तीनवर ठेवला की दहाच्या नोटा थेट कपाटाखाली. नाणी दहा-दहाच्या गड्ड्यांत. मोजायला दोघं हवीत, एकाच घरातली नकोत, आणि वहीत सह्या तिथल्या तिथे. 'उद्या करू' म्हटलं की बँकेची स्लिप आणि वही जुळत नाही. मग वीस रुपयांपायी माणसं महिनाभर एकमेकांशी जपून बोलतात.

दानासाठी बाकांमधून फिरवायची पिशवी मात्र छान वस्तू. लांब दांडा, लाल वेलवेट, खोल पोट. पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून ऊन पडलं की आधी तिला बाहेर काढायचं. नाण्यांच्या वजनाने तळाचं अस्तर उसवतं. ते जाड मांजरपाटाचं असावं. पिशवी फिरताना गायचं अर्पणगीतही चार कडव्यांचं निवडावं. दोन कडव्यांत संपलं आणि पिशवी अजून मागच्या बाकांशीच असली, तर प्रत्येक नाणं अख्ख्या चर्चला ऐकू जातं.

काही ठिकाणी ताट फिरवतात. मला ते पटत नाही. ताटात वर बसलेली पाचशेची नोट पुढच्या माणसाला खिसा पुन्हा चाचपायला लावते. पिशवीत मूठ जाते, बाहेर येते. आत काय पडलं ते पिशवीला ठाऊक. काहीच पडलं नसेल. जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्याच दिवसांत शाळेची फी, वह्या, छत्र्या. तरी मूठ आत जाते, आणि ते बरंच आहे. व्हिन्सेंट डी पॉल संस्था 1833 साली पॅरिसमध्ये सुरू झाली. गरिबांच्या घरी जाणाऱ्या त्यांच्या सभासदांच्या बैठकीतही अशीच गुप्त पिशवी फिरते.

आता दाराशी क्यूआर कोड आला. सोय आहे, नोटा वाळवाव्या लागत नाहीत. पण रकमेसोबत नावही येतं, आणि उजव्या हाताचं डाव्याला कळतं.

नावाचं प्रेम जुनंच म्हणा. पंख्याच्या पात्यावर, बाकाच्या पाठीवर 'यांच्या स्मरणार्थ'. कौलं गळत असताना कुणी घंटेसाठी पैसे दिले तर ते कौलांना लावता येत नाहीत. चर्चच्या कायद्याच्या, म्हणजे धर्मसंहितेच्या, 1267 व्या नियमाप्रमाणे ज्या कारणासाठी दिलं त्याच कारणाला ते वापरायचं. म्हणून देणाऱ्याशी आधी बोलून घ्यावं, पावती फाडण्यापूर्वी. पुष्कळदा माणूस हसून 'कौलांना घाला, फादर' म्हणतो. कधी म्हणत नाही. मग घंटा येते, आणि बादल्याही राहतात.

मिस्सा, म्हणजे वेदीवरचा उपासनाविधी, कुणासाठी अर्पण करायची त्या हेतूंची वही वेगळी: कुणाच्या आईचा वर्षदिवस, कुणाचं ऑपरेशन. रविवारची एक मिस्सा मात्र प्रमुख धर्मगुरूने सगळ्या धर्मग्रामासाठी, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या सगळ्या लोकांसाठी, अर्पण करायची असते. तिच्यासाठी कुणाकडून काही घेत नाहीत.