एआय एजंटसाठी टूलचं वर्णन लिहिताना: भात, सुका बोंबील आणि किलोज्यूल

अन्नपदार्थांच्या डेटाबेसमध्ये शोधणारं टूल बनवणं तसं पटकन होतं, खरा वेळ खातं ते त्याचं डॉक्युमेंटेशन, आणि वाचणारा माणूस नसून एआय एजंट (स्वतःच टूल वापरून कामं करणारा एआय प्रोग्राम) असेल तर अजूनच. माणूस अडला की बाजूच्या डेस्कवर जाऊन विचारतो. एजंट कोणाला विचारणार? त्याला टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा (टूलला कोणती माहिती कशी द्यायची याचा आराखडा) एवढंच दिसतं, एमसीपीमध्ये (एजंटला टूल जोडण्याची एक ठरलेली पद्धत) पण हेच. तिथे जे लिहिलेलं नाही ते तो स्वतःच्या मनाने भरतो आणि छान ठाम भाषेत भरतो, हीच माझी मोठी काळजी आहे.

काळजी का, तर माझी मामेबहीण परळला डाएटिशियन आहे आणि हे टूल तिच्यासाठी चाललंय. तिच्याकडे येणारे बरेचसे डायबिटीसवाले, लालबाग-शिवडीकडचे, जेवणात भात आणि मासळी असणारच. त्यांना "भात बंद करा" सांगून काही होत नाही, किती खायचा ते नीट आकड्यात सांगावं लागतं.

आपल्याकडचा भरवशाचा डेटा म्हणजे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2017 ची इंडियन फूड कंपोझिशन टेबल्स, 528 पदार्थ, देशभरातून नमुने गोळा करून तपासलेले. फार मोठं काम आहे ते, मला त्या लोकांबद्दल खरंच आदर वाटतो. पण ती यादी जवळपास सगळी कच्च्या पदार्थांची आहे, आणि आकडे खाण्यायोग्य भागाच्या 100 ग्रॅमचे, म्हणजे केळ्याचं साल, माशाचा काटा वगळून. आता बघा, पेशंट म्हणाला 200 ग्रॅम भात खाल्ला, एजंटने यादीतला तांदूळ उचलला आणि 700 कॅलरी सांगून मोकळा झाला. शिजलेल्या भातात 100 ग्रॅमला साधारण 130 कॅलरी असतात, म्हणजे खरा आकडा 260 च्या आसपास. कार्बोहायड्रेटचं पण तेच होणार, आणि त्यावर कोणी इन्सुलिनचं गणित केलं तर?

म्हणून मी वर्णनाची सुरुवातच अशी केली (मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठीत देते): "हे टूल कच्च्या पदार्थांसाठी आहे. शिजवलेल्या पदार्थाचं वजन थेट लावू नकोस. युजरने कच्चं की शिजवलेलं सांगितलं नसेल तर आधी त्याला विचार." टूल काय करतं हे सगळेच लिहितात, ते कधी वापरायचं नाही हे फार कमी जण लिहितात, आणि माझ्या मते एजंटसाठी तीच ओळ जास्त कामाची.

मग एनर्जी. त्या टेबल्समध्ये ती किलोज्यूलमध्ये आहे, तांदळासमोर 1500 च्या जवळचा आकडा दिसतो, 4.184 ने भागलं की किलोकॅलरी मिळते, म्हणजे बोलताना आपण जिला नुसतं कॅलरी म्हणतो ती. भागाकार टूलच्या आत करून टाकला, पण तरी प्रत्येक आकड्याला युनिट चिकटवलंच, कारण नुसता आकडा मोकळा सोडला की एजंट त्याला कॅलरीच समजणार.

शिजवलेल्या गोष्टींसाठी अमेरिकेच्या कृषी खात्याचा फूडडेटा सेंट्रल हा डेटाबेस जोडलाय. डेटा फुकट, एपीआय की (प्रोग्राममधून डेटा मागायला लागणारी किल्ली) सहज मिळते, तासाला 1000 रिक्वेस्ट चालतात. पण तिथे डेटाटाइप, म्हणजे कोणत्या प्रकारच्या नोंदी हव्यात, ते न देता शोधलं की पाकीटबंद ब्रँडेड मालाचा ढीग येतो आणि साधा पदार्थ कुठेतरी खाली दबतो. शिवाय ब्रँडेड नोंदीत दोन प्रकारचे आकडे, एक 100 ग्रॅमचे आणि एक पाकिटावरच्या एका सर्व्हिंगचे, एजंट दोन्ही मिसळू शकतो. आणि फाउंडेशन नोंदींमध्ये (साध्या, मूळ पदार्थांच्या) एनर्जी ओळखायचा नेहमीचा 1008 हा कोड नंबर कधीकधी नसतोच, त्याऐवजी 2047 किंवा 2048 असतो, ते माहीत नसेल तर वाटणार एनर्जी नाहीच. हे सगळं एजंटला समजावत बसण्यापेक्षा मी कोडमध्येच निस्तरलं. वर्णन लांबलं की महत्त्वाची ओळ त्यात हरवते, त्यामुळे जे कोड करू शकतो ते डॉक्युमेंटमध्ये लिहायचंच नाही असं ठरवलंय.

पण एक गोष्ट ठळक लिहावीच लागली, माहिती नसणं आणि शून्य असणं वेगळं. एखादं जीवनसत्त्व मोजलेलंच नसेल तर तिथे रिकामं येतं, तेव्हा "मोजलेलं नाही" असंच सांगायचं, "यात नाही" असं नाही.

सुक्या मासळीसाठी स्कीमात "ओला की सुका" हे फील्ड सक्तीचं केलं. ओल्या बोंबलात बहुतेक पाणीच, वाळला की त्याच 100 ग्रॅममध्ये प्रोटीन कित्येक पट, त्यामुळे नुसतं "बोंबील" म्हणून सर्च चालूच द्यायचा नाही. आणि स्पेलिंग जुळवून अंदाजे शोधणं मी बंदच ठेवलंय, कारण उपासाची वरई शोधली तर अक्षरं जुळतात म्हणून वरगू वर येतं, ते कोदो, वेगळंच धान्य.

वडापाव, मिसळ असलं काही विचारलं तर टूल काहीच देत नाही, आणि रिकामी यादी पाठवण्याऐवजी एक वाक्य पाठवतं: "हा तयार पदार्थ आहे, घटक आणि त्यांची वजनं युजरकडून घे, मग एकेक शोध. वाटी किंवा चमच्याचं माप ग्रॅममध्ये स्वतः बदलू नकोस." बहिणीचं म्हणणं वाटीला सरळ 150 ग्रॅम धर, पण घरोघरी वाट्या वेगळ्या, मला ते पटत नाही. सध्या तरी एजंट पेशंटला सांगतो की एकदा घरची वाटी भरून किराणावाल्याच्या काट्यावर वजन करून आणा, आणि तो आकडा त्या पेशंटच्या नावावर सेव्ह होतो.