अस्थी विमानानं नेताना

कोल्हापुरात तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन होतं. शेणीची राख शेतात किंवा झाडाच्या बुंध्याशी घालणारी घरं आता वाढली आहेत, आणि ते चांगलंच आहे. पण थोड्या अस्थी काशीला, प्रयागला न्यायच्या असतील आणि उजळाईवाडीहून विमान पकडायचं असेल, तर अडतं ते बहुतेक वेळा कलशापाशी.

तांब्याचा कलश नको. जाड धातूच्या आतलं एक्स-रे मशीनला दिसत नाही, पडद्यावर नुसता काळा गोळा उमटतो. मग 'उघडून दाखवा' म्हणतात आणि लाल फडक्याची गाठ भर रांगेत सोडावी लागते. ती वेळ घरच्यांवर येऊच नये. मडकं धक्क्यानं तडकतं. आट्यांच्या झाकणाचा प्लास्टिकचा डबा किंवा हलकी लाकडी पेटी घ्या; तांब्या हवाच असेल तर घाटावर मिळतो.

दुधापाण्यानं धुतलेल्या अस्थी ओल्या बांधू नका, बुरशी धरते, वास येतो. सुती कापडावर सावलीत पूर्ण वाळू द्या. हाडांच्या कडा धारदार असतात, नुसती प्लास्टिकची पिशवी फाटते. आधी कापडाची पुरचुंडी, मग पिशवी, मग डबा. बारीक राख झाकणाच्या आट्यांत बसली की झाकण नीट फिरत नाही. आटे कोरड्या फडक्यानं पुसा, वरून चिकटपट्टी लावा.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, पण महापालिकेचा दाखला लगेच हातात येईलच असं नाही. म्हणून डॉक्टरांनी दिलेला मृत्यूच्या कारणाचा ४ नंबरचा फॉर्म (मृत्यू घरी झाला असेल तर ४-अ) जमा करण्याआधीच झेरॉक्स काढा आणि स्मशानभूमीची पावती जपून ठेवा. तेवढ्यावर चालेल का, डबा हातात न्यायचा की चेक-इनला द्यायचा, हे तिकीट काढण्याआधी विमान कंपनीला विचारा. प्रत्येकीचा नियम वेगळा.

पूजेची पिशवी घरीच राहू द्या. नारळ, कापूर, काडेपेटी हमखास काढून ठेवायला लावतात, आणि हे सगळं घाटावर मिळतं.

कोल्हापूरला पंख्यांची छोटी विमानंही येतात. त्यांचा वरचा कप्पा लहान. मोठी बॅग विमानाच्या दाराशीच काढून घेऊन खाली सामानात टाकतात. डबा पुढच्या सीटखाली मावेल अशाच पिशवीत ठेवा. कागद मात्र त्या पिशवीत नकोत. ती मशीनमधून जात असते तेव्हाच कागद मागतात, म्हणून ते हातात असू द्या.