बर्फाचा बोगदा, अपडेट ७ : ९१ चं कोडं सुटलं

सुटलं एकदाचं! माझ्या बोगद्यातली आर्द्रता ९१ टक्क्यांच्या पुढे का जात नाही, यासाठी मागच्या दोन अपडेटमध्ये डोकं धरून बसलो होतो, त्याचं उत्तर परवा पहाटे चारला सापडलं. (पहाटेच, कारण नागपूरच्या मे महिन्यात दिवसा फ्रीझरचा कॉम्प्रेसर इतका हाफतो की उणे १० टिकतच नाही.)

सेटअप तोच, वाऱ्याने उडणारा बर्फ वाफ होऊन किती झिजतो ते बघायला जुन्या आइस्क्रीम फ्रीझरमध्ये ४० लिटरचा बंद गोल बोगदा, ब्लोअरची मोटर बाहेर, आत खरवडून चाळलेला बर्फाचा भुगा. भुगा मस्त उडतोय आता. टॉर्च आडवा धरला की तळाशी दोन-तीन सेंटीमीटरात कण टुणटुण उड्या मारताना दिसतात आणि बारीक धूळ वर तरंगते, खऱ्या हिमवाऱ्यातही असंच, जड कण जमिनीलगत उड्या मारत जातात आणि हलके वर तरंगतात. मैद्याच्या चाळणीने काम झालं, इतवारीतली साधी चाळणी, महागड्या जाळीची काही गरज नाही.

आता मूळ भानगड. ब्लोअर लावला की आर्द्रता भराभर चढायची आणि ९१ टक्क्यांवर थांबायची. पुढे ढिम्म. मला वाटलं हवा अजून ९ टक्के कोरडी आहे तर कण झिजायला हवेत, मग वाफ जाते कुठे? तीन आठवडे फटी शोधल्या, एमसील लावलं, सिलिकॉन लावलं, सेन्सर बदलले. तिन्ही सेन्सर ९१!

परवा वैतागून थर्मोस्टॅट उणे १५ वर नेला आणि आकडा ८६ वर अडकला. उणे २० ला ८२. तेव्हा लक्षात आलं की गळती तापमान बघून बदलत नसते, हे दुसरंच काहीतरी आहे. तक्ता काढला. उणे १० ला पाण्यावरचा संपृक्त बाष्पदाब (म्हणजे हवा वाफेने पूर्ण भरल्यावरचा वाफेचा दाब) २.८६ हेक्टोपास्कल आणि बर्फावरचा २.६०. भागा. ९१! हवामानशास्त्राचा रिवाजच आहे की शून्याखालीसुद्धा सापेक्ष आर्द्रता पाण्याच्या हिशेबाने द्यायची आणि सेन्सरही तेच करतो. म्हणजे माझी हवा बर्फाच्या हिशेबाने केव्हाच शंभर टक्के भरलेली होती, संप्लवन, म्हणजे बर्फाची थेट वाफ होणं, बंद पडलं होतं आणि मी बिचाऱ्या डब्याला एमसील फासत होतो. कोणी बर्फाजवळ आर्द्रता मोजत असेल तर पहिला हा तक्ता भिंतीवर चिकटवा.

मग दुसरा हिशेब केला आणि आणखी एक गोष्ट उलगडली. उणे १० ला एक घनमीटर हवेत वाफ मावते फक्त २.१ ग्रॅम. माझ्या ४० लिटरात ०.०९ ग्रॅमसुद्धा नाही. एवढ्याशासाठी मी लोडसेलने भुग्याचं वजन मोजत होतो, ज्याचा आकडा थंडीत आपोआप सरकतो! तो ऑनलाइन मागवलेला लोडसेल काढून टाकलाय, तुम्हीही या कामाला घेऊ नका. एक मात्र झकास दिसलं, ब्लोअर सुरू केल्यावर पहिल्या मिनिटात तापमान अंशभर खाली जातं. एक ग्रॅम बर्फाची थेट वाफ व्हायला साधारण २८३० जूल लागतात आणि ते हवेतूनच ओढले जातात. वाफ वाढते, हवा गार होते, दोन्हींमुळे संप्लवन स्वतःचाच गळा आवळतं. खऱ्या हिमवाऱ्यात जमिनीलगतच्या थरात हेच तर होतं!

हे सगळं आईला सांगत होतो, ती कूलरमध्ये पाणी भरत होती. म्हणाली, "अरे, खिडकी बंद ठेवली तर कूलर तरी चालतो का? कोंदट होतं नुसतं. खिडकी उघड." मी तिथेच थांबलो. वाफ वर नेणारा वारा आणि वरून येणारी कोरडी हवा, माझ्या बोगद्यात खिडकीच नव्हती. अंटार्क्टिकात पठारावरून उतरणारा वारा खाली येताना दाबला जाऊन तापतो, कोरडा होतो, म्हणून तिथे उडणारा बर्फ इतका झिजतो.

म्हणून प्लॅन बदलला. बर्फ तोलायचाच नाही, वाफ तोलायची. बर्डीवरून ओलावा शोषणारं निळं सिलिका जेल आणलं (दुकानदार भाऊंनी ताजं, गडद निळं बघून दिलं), जाळीच्या डबीत भरून हवेच्या वाटेत बसवलं. तासाभराने डबी बरणीत झाकण लावून बाहेर काढली. बाहेर काढताच बरणीवर दव धरतं, तेव्हा ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, पुसा आणि मगच काट्यावर ठेवा. ०.६ ग्रॅम वाढ! बोगद्यात मावणाऱ्या सगळ्या वाफेच्या सहा-सात पट. बर्फ सतत वाफ देत होता. मी दोनदा तोललं.

पुढच्या रविवारी तोच वेग, तेच जेल, पण भुगा पाण्याचा फवारा मारून तळाला चिकटवलेला. उडणारा आणि पडून असलेला, दोघांतला फरक तेव्हा कळेल. लिहितालिहिता सुचतंय की डबी तळाशी न ठेवता छताजवळ टांगावी, वरची कोरडी हवा खाली उतरते तसं होईल, आणि एक सेन्सर १ सेंटीमीटरवर, एक १५ वर. म्हणजे रविवारच्या आधी छताला भोक पाडावं लागणार. ॲक्रिलिकला तडा न जाता १२ मिलिमीटरचं भोक कोणी पाडलंय का? ड्रिल बिट कुठलं वापरलं ते सांगा.