इन्स्टावर मेष, पत्रिकेत कन्या

परवा भाची विचारत होती, मावशी माझी रास नक्की कोणती गं, इन्स्टावर तर मेष दाखवतंय. तिचा बड्डे 5 एप्रिलचा. मी कपाटातून तिची पत्रिका काढली, कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट अजून तसंच, आत लिहिलंय हस्त नक्षत्र, कन्या रास, नामाक्षर पू.

आपल्याकडे रास म्हणजे जन्मावेळी चंद्र जिथे होता ती, आणि चंद्र सव्वादोन दिवसांत रास बदलतो म्हणून तर वेळ इतकी नीट लिहून ठेवतात. पाश्चात्य लोक सूर्याची रास धरतात. बरं सूर्य बघितला तरी आपल्या गणिताने तो तेव्हा मीनेत येतो, कारण ते वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तेव्हाच्या सूर्याच्या जागेपासून मोजतात आणि आपण ताऱ्यांपासून. पृथ्वीचा आस हळूहळू फिरतो, त्यामुळे ती जागा ताऱ्यांमधून सरकते, 72 वर्षांत साधारण 1 अंश, असं करत करत फरक 24 अंशांवर गेलाय, त्यालाच अयनांश म्हणतात.

सोलापूरकरांना हे गड्ड्यावरून, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेवरून पटकन कळतं बघा, आपली मकर संक्रांत 14 जानेवारीच्या आसपास, पाश्चात्यांचा सूर्य मकरेत 21-22 डिसेंबरलाच! मला आपली पद्धत जवळची वाटते, रात्री गच्चीवर जाऊन चंद्र हस्तात आलाय का ते डोळ्यांनी बघता येतं. भाचीला पुढच्या पौर्णिमेला दाखवणारे.