गावभागातला कोनाडा

डिसेंबर २०२०. सांगलीत गावभागातल्या एका काकूंचा फोन आला. "गीझरचं पाणी कोमट येतंय. दोघांनी बघून झालं, आता तू ये."

इन्स्टंट गीझर, ३००० वॉटचा. पहिल्याने पाणी तापवणारी कॉइल बदलली होती. दुसऱ्याने सॉकेटवर मीटर लावला, २३० व्होल्टचा आकडा बघितला, "लाईन ओके, कंपनीचा प्रॉब्लेम" म्हणाला आणि व्हिजिटचे पैसे घेऊन गेला.

माझ्याबरोबर नुकतंच आयटीआय झालेलं एक पोरगं होतं. ओहमचा नियम तोंडपाठ, पण तो परीक्षेपुरताच. मेन बंद करून त्याला कॉइलचा रेझिस्टन्स मोजायला सांगितला. १७.७ ओहम. किती यायला हवा होता? तो गडबडला. गीझरच्या पाटीवर व्होल्ट आणि वॉट दोन्ही लिहिलेले असतात. व्होल्टच्या वर्गाला वॉटने भागलं की ओहम मिळतात. २३० चा वर्ग ५२९००, भागिले ३०००, म्हणजे १७.६. कॉइल ठणठणीत होती. पहिल्या गड्याने चांगली कॉइल काढून दुसरी चांगली कॉइल बसवली होती, दुसरं काय!

मग सॉकेटची प्लेट उघडी ठेवून गीझर चालू केला. तिथे २३० चे झाले २१५. त्याच वेळी मेनच्या एमसीबीवर, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर, २२९. क्लॅम्प मीटर १२.२ अँपिअर दाखवत होता. २१५ ला १७.६ ने भागलं तरी तेवढेच येतात, म्हणजे मीटर खोटं बोलत नव्हता. आधीच्या माणसाने गीझर बंद ठेवून व्होल्टेज बघितलं होतं. करंटच वाहत नसेल तर खराब जॉइंटवर व्होल्टेज पडणार कसं? नळ बंद असताना टाकीच्या पाइपात कचरा आहे का, हे कळत नाही, तसंच.

मी पोराला हिशोब करायला लावला. २१५ व्होल्ट गुणिले १२.२ अँपिअर, साधारण २६२० वॉट. ३००० तून ३८० कमी. काकूंची तक्रार खरी होती. मेन ते गीझर मध्ये १४ व्होल्ट गायब, गुणिले १२.२, म्हणजे १७० वॉट वाटेतच खर्च होत होते.

"दादा, कमी तर ३८० आहेत. बाकीचे २१० गेले कुठे?"

प्रश्न चांगला होता. मलाही शिकाऊ असताना पडला होता. ते कुठेच गेले नव्हते, घराच्या वीजमीटरमधून आलेच नव्हते. वाटेत अडथळा वाढला की एकूण करंटच कमी होतो. आणि म्हणूनच एमसीबी पडत नव्हता. त्याला करंट वाढलेला कळतो, इथे तर १३ वरून १२.२ वर आला होता. लोकांना वाटतं एमसीबी बसवला की झोपायला मोकळे. सैल जॉइंट त्याच्या नाकाखाली भिंत भाजतो आणि त्याला पत्ता लागत नाही.

आता १४ व्होल्ट नक्की कशात? वायर अडीच एमएमची, तांब्याची. जाऊन येऊन ३० मीटर धरली तर ०.२२ ओहम, म्हणजे पावणेतीन व्होल्ट. तेवढं चालतंच. उरले सव्वाअकरा व्होल्ट, १३५ वॉटच्या वर. जुन्या १०० वॉटच्या बल्बपेक्षा जास्त उष्णता भिंतीत कुठेतरी एकाच जागी निघत होती.

पण कुठे? वायरी जोडायचा एकही बॉक्स दिसेना. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात या घरात छातीइतकं पाणी होतं. नंतर खालची वायरिंग नवी ओढली, वरची जुनीच ठेवली आणि गवंड्याने सगळं गिलाव्याने लिंपून टाकलं. रंगही छान दिला होता.

"काकू, कुठे भिंत गरम लागते का हो?"

"भिंतींना हात लावत कोण फिरतंय रे," त्या म्हणाल्या. मग थांबून, "मांजर मात्र रोज आंघोळींच्या वेळेला त्या कोनाड्यात जाऊन बसतं. थंडी असते ना."

पोरगं आणि मी एकमेकांकडे बघितलं. दहा मिनिटं गीझर चालवून कोनाड्याच्या मागच्या भिंतीला पालथा हात लावला. उबदार. मेन पाडून छिन्नी घातली तर दोन बोटं आत बॉक्स. नव्या-जुन्या वायरी नुसत्या पिळून वर टेप गुंडाळलेली, तीही जळून कोळसा. आतलं जुनं तांबं हिरवं-काळं पडलेलं. न्यूट्रलचा जॉइंट त्यातल्या त्यात बरा होता. काकूंनी तो वास घेतला आणि पदर नाकाला लावून तिथेच खाली बसल्या.

मी तिथे नवा जॉइंट मारला नाही. मेनपासून गीझरपर्यंत ४ एमएमची सलग वायर ओढली, संध्याकाळ झाली. गीझर लावून सॉकेटवर बघितलं: २२७, करंट १२.९. पोराने न सांगता गुणाकार केला आणि हातावर पेनाने २९२८ लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन. पाणी कडक येतंय म्हणाल्या. गवंडी कधी पाठवतोस, भोक तसंच आहे. आणि मांजर कोनाड्यासमोर बसून ओरडतंय, त्याचं काय करू?