हिंगाच्या डबीतला मुस्तफा

आमच्या दिवाणाखाली प्लायवूडची एक पेटी असते. वर दोन स्टिका, सोळा बटणं आणि मागच्या भोकातून लोंबणाऱ्या वायरी. बटणांची भोकं तीस मिलिमीटरचीच हवीत, एक सूतही इकडे-तिकडे नको, असं मी चारदा बजावलं तेव्हा सुताराने पेन्सिल कानावर अडकवून विचारलं, "सर, बाजाची पेटी हाय का? मंग भाता कुठाय?" म्हटलं, बाजा नाही, गेम खेळायचा आहे. त्याने माझ्या पिकल्या केसांकडे एकदा बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. भोकं मात्र चोख पाडली.

पेटीच्या पोटात रास्पबेरी पाय आहे. एटीएम कार्डाएवढी पाटी, तिच्यावर एक जीबी मेमरी, आणि सगळा संसार नखाएवढ्या मेमरी कार्डावर. शाळेतल्या पोरांनी प्रोग्रामिंग शिकावं म्हणून इंग्लंडातल्या मंडळींनी २०१२ साली हा कॉम्प्युटर काढला. पोरं किती शिकली ते त्यांचं त्यांना माहीत; जगभरातल्या चाळिशीच्या बाप्यांनी मात्र त्यावर लहानपणचे गेम बसवून घेतले. माझा पाय २०१६ च्या मॉडेलचा, म्हणजे तिसरा. इंग्लंडात बसून तो घडवणाऱ्यांना परभणीचा मे महिना ठाऊक नसावा. ऐंशी अंशांच्या वर तापला की तो आपला आपण सावकाश चालायला लागतो आणि पडद्याच्या कोपऱ्यात थर्मामीटरचं चित्र दाखवतो. चार्जर दमाचा नसेल तर पिवळ्या विजेचं चित्र. आमच्याकडे दोन्ही चित्रं जोडीनं यायची. गेल्या उन्हाळ्यात मी कूलरचं तोंड पेटीकडे फिरवलं तेव्हा बायको म्हणाली, "माणसं उकडून मरायलेत अन् तुम्ही डबीला वारा घालायलात?" उत्तर नव्हतं. नवा चार्जर घेतला, उष्णता ओढून घेणारे, दहा रुपयांच्या नाण्याएवढे दोन हीटसिंक चिकटवले, आणि कूलर परत माणसांकडे वळला.

या दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला. पेटीवर दहा मिनिटं बसला आणि म्हणाला, "मामा, तू अजून मेम २००३ वरच आहेस?" हे त्याने अशा सुरात विचारलं की जणू मी अजून डालड्यात पुऱ्या तळतो.

आता मेम काय ते सांगायला हवं. आमच्या लहानपणी दारावर बहुरूपी यायचा. खाकी कपडे, हातात दांडकं, छातीठोक हुकूम. आजीला दर वेळी क्षणभर तरी वाटायचंच की खरा फौजदार आलाय. मेम हा एम्युलेटर, आणि एम्युलेटर म्हणजे तसा बहुरूपी. जुन्या आर्केड मशीनच्या, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या गेम मशीनच्या बोर्डावर मोटोरोलाचा ६८००० प्रोसेसर असायचा, आवाजासाठी झेड८० असायचा, चित्रांच्या नि आवाजाच्या खास चिपा असायच्या. एम्युलेटर या सगळ्यांची सोंगं एकटा घेतो आणि गेमला वाटतं आपण आपल्याच घरी आहोत. निकोला साल्मोरिया या इटालियन माणसाने १९९७ च्या फेब्रुवारीत मेमची पहिली आवृत्ती काढली. मशीन भंगारात चालली होती, ती आतून कशी चालायची याची नोंद राहावी, हा उद्देश. गेम खेळता येतो हा जोडफायदा, असं ती मंडळी आजही सांगतात. आमच्यासारख्यांनी जोडफायदाच तेवढा उचलला.

तर बहुरूपी जसजसा हुशार होत गेला, तसतसा तो नुसता गणवेश घालून थांबेना. फौजदार तंबाखू कशी मळतो, खाकरतो कसा, तेही करायला लागला. सोंग जितकं खरं, तितकी मेहनत जास्त. म्हणून नवा मेम छोट्या पायला झेपत नाही, आणि लोक २००३ च्या अखेरीस आलेल्या ०.७८ आवृत्तीवर बसवलेला जुना मेम वापरत राहतात. त्यात चुका आहेत, पण अंग हलकं. भाच्याचं म्हणणं असं, की मी फायनलबर्न निओ या दुसऱ्या एम्युलेटरवर यावं. तो जगातल्या सगळ्याच मशीनांच्या मागे धावत नाही. कॅपकॉम, निओ जिओ अशी ठरावीक घराणी धरतो आणि ती नीट वठवतो. आमच्या पायवरही पळतो. "बनी तो बनी, नहीं तो परभणी," असं म्हणून मी तो बसवून घेतला.

नाही बनी. यादीतले सगळे गेम दिसत होते. बटण दाबलं की पडदा काळा व्हायचा, पांढरी अक्षरं चमकायची आणि गाडी पुन्हा यादीवर. एकोणचाळीस गेमपैकी अकराच चालले.

कारण कळलं तेव्हा मला तलाठी कार्यालयात उभं असल्यासारखं वाटलं. गेमची फाइल म्हणजे मूळ बोर्डावरच्या चिपांमधून वाचून घेतलेला मजकूर, झिपमध्ये बांधलेला. वर्षं जातात तसा कुणाला चांगल्या स्थितीतला बोर्ड सापडतो, एखादी चिप आधी चुकीची वाचली होती हे कळतं, मग गठ्ठ्यातला कागद बदलतो, नावं बदलतात. २००३ चा गठ्ठा तेव्हाच्या एम्युलेटरला चालतो. नवा एम्युलेटर प्रत्येक कागदाचा आकडा ताडून बघतो आणि जुळला नाही की परत पाठवतो. झिपचं नाव तेच, गेम तोच, पण फेरफार लागलेला नाही. आजोबांच्या नावात एक वेलांटी चुकली म्हणून आमची सव्वा एकर तीन वर्षं अडकली होती, त्यामुळे हा प्रकार मला चटकन समजला.

त्यात पुन्हा खातेफोडीची भानगड. एकाच गेमच्या जपानी, अमेरिकी, युरोपी अशा आवृत्त्या असतात. त्यातली एक मूळ, बाकीच्या तिच्या भावकीतल्या. काही गठ्ठ्यांत सगळी भावकी एकाच झिपमध्ये नांदते. काहींत पुरती खातेफोड असते, ज्याचं त्याच्याकडे. आणि काहींत वाटण्या झालेल्या असतात पण विहीर सामाईक: धाकट्याच्या झिपमध्ये फक्त त्याचं वेगळेपण, बाकी सगळं थोरल्याच्या झिपमधून. थोरल्याला तुम्ही जागा वाचवायला पुसून टाकलं की धाकटा कोरडा. मी नेमकं तेच केलं होतं. निओ जिओच्या गेमांना तर स्वतःच्या झिपशिवाय बायोसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची, झिप लागते. ती नसेल तर सगळी आळी अंधारात. मेमवाले किंवा फायनलबर्नवाले हे गेम वाटत नाहीत, कारण त्यांची मालकी अजून कंपन्यांकडे आहे. या बाबतीत माझा सातबारा कोरा नाही, एवढं कबूल करून पुढे जातो.

तीन रात्री लागल्या. चौथ्या रात्री मुस्तफा लागला.

मुस्तफा म्हणजे कॅपकॉमचा १९९३ सालचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. हे नाव आमच्यापैकी कुणी कधी उच्चारलं नाही. गेममध्ये निवडायला चार जण, त्यातल्या टोपीवाल्याचं नाव मुस्तफा, म्हणून अख्खा गेमच मुस्तफा. हे फक्त परभणीत घडलं असं मी बरीच वर्षं समजत होतो. पुढे पुण्याची, हैदराबादची, कानपूरची माणसं भेटली, सगळीकडे मुस्तफाच. या गावांनी कधी एकमेकांना पत्र पाठवून ठरवलं नसणार.

आमचा मुस्तफा स्टेशन रोडजवळच्या एका बोळात होता. दुकानाला पाटी नव्हती. पत्र्याच्या खोलीत तीन मशीन, एक टेबलफॅन, आणि गल्ल्यावर चाचा. रुपयाला एक कॉइन. चाचा फार बोलायचे नाहीत; शाळेच्या गणवेशातलं कुणी आलं की फक्त घड्याळाकडे बोट करायचे. मधल्या मशीनवर मुस्तफा. त्याची स्टिक डावीकडे नीट जात नसे. डावीकडे जायचं तर मनगट खाली दाबून जरा वरून वळण द्यावं लागे. पडद्याच्या एका कोपऱ्यात हिरवट डाग होता, त्या कोपऱ्यात आलेला प्रत्येक माणूस आजारी दिसायचा. आवाज चाचांनी शेजारच्या शिंप्याच्या तक्रारीवरून इतका बारीक केला होता की टेबलफॅनच त्याहून मोठा वाजे. दोन बटणांपैकी उडीचं बटण रुतलेलं. ते मधल्या बोटाने नाही, अंगठ्याच्या पेराने मारायचं. माझा मित्र त्यात वाकबगार होता. धावत जाऊन मुस्तफाची लाथ घालायची, की समोरचे तिघे एकदम आडवे. एका कॉइनमध्ये तो चौथ्या राउंडपर्यंत जायचा, आणि मागे उभे असलेले आम्ही सहा जण फुकटात.

उरुसात तुराबुल हक दर्ग्याच्या मैदानावर मशीन मांडली जात, तिथे चांगल्या स्टिकवर हाच मित्र पहिल्या राउंडात मेला. चांगल्या स्टिकची सवय नव्हती.

एक विनोद मला उशिरा कळला. त्या काळच्या अमेरिकी आवृत्तीच्या गेमांत मधेच एक निळी पाटी यायची, त्यांच्या तपास यंत्रणेचा शिक्का, खाली अर्थ असा की जिंकणारे अमली पदार्थ घेत नाहीत. चाचांच्या एका मशीनवर ती रोज शंभरदा झळकायची. आमच्या वडिलांच्या लेखी त्या बोळातला खरा अमली पदार्थ ते मशीनच होतं.

तर नव्या एम्युलेटरवर मुस्तफा लागला. आवाज इतका स्वच्छ की मी प्रथमच ऐकलं, त्या गेमला चांगलं गाणंबजावणं आहे. ढोल वेगळा, गिटार वेगळी. रंग निर्मळ. जुन्या मेममध्ये पडद्यावर गर्दी झाली की आवाज तुटायचा, तो आता सलग. कुठे खोट काढायला जागा नव्हती. मी तासभर खेळलो आणि मग लक्षात आलं, डावीकडे जाताना माझं मनगट अजून खाली दाबून वळण घेतंय. नव्या स्टिकला त्याची काही गरज नाही. जुन्या मेमच्या चुकाही चाचांच्या मशीनच्या चुका नव्हत्या, तरी त्या मला आपल्या वाटत होत्या. हे नवं जे आहे ते बिनचूक आहे, कॅपकॉमच्या कारखान्यातून निघालं तसं. तसा मुस्तफा परभणीत कधी आलाच नव्हता.

भाचा खूश होऊन गेला. पायमध्ये एक सोय आहे: गेम सुरू होताना बटण दाबून धरलं तर या एका गेमला कुठला एम्युलेटर लावायचा ते निवडता येतं. ती मी वापरली असती. पण तोवर मी घाईघाईने नवं कार्ड तयार करून जुनं काढून ठेवलं होतं, आणि नव्या कार्डावर जुन्या झिपांच्या जागी नवीन भरल्या होत्या.

परवा मित्र पुण्याहून आला. आता तो एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, गुडघ्याला पट्टा बांधतो. चहा व्हायच्या आत पेटी ओढून बसला. दोन राउंड खेळला. म्हणाला, "लई भारी केलंस बे." मग स्कोरच्या यादीवर गेला आणि गप्प झाला. तिथे कारखान्यातून आलेली परकी नावं होती. गेल्या उरुसाच्या सुमारास एका रात्री दीड वाजेपर्यंत बसून त्याने पहिला नंबर काढला होता आणि स्वतःची तीन अक्षरं टाकली होती. एम्युलेटर बदलला की जुने स्कोर सोबत येत नाहीत. ते जुन्याच्या कप्प्यात राहतात.

"पुसलास ना?"

"पुसलं नाही. जुन्या कार्डावर आहे."

"मंग लाव की. कामून बसलास?"

कार्ड पाकिटात नव्हतं, टेबलाच्या खणात नव्हतं, चार्जरच्या खोक्यात नव्हतं. मी दिवाण उचलला. मित्र चहा पीत, घड्याळाकडे बोट करून चाचांसारखा बघत होता. शेवटी बायको स्वयंपाकघरातून आली, ओट्यावरची रिकामी हिंगाची डबी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तुमचा जुना मुस्तफा. केरात चालला होता."

मित्राने कार्ड लावलं. आवाज तुटत तुटत गेम सुरू झाला, यादीत त्याची तीन अक्षरं पहिली. त्याने बोटं नाकाशी नेली, हुंगली, आणि स्टिक डावीकडे खाली दाबून वळवत म्हणाला, "कॉइन टाक."